अ‍ॅप पुसण्याआधी तक्रार करा



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली तरी एक भगिनी जागची उठेना. चार घरची धुणीभांडी करून संसार चालवणारी बाई. जवळ बसले तेव्हा तिला रडू कोसळले. मुलीच्या फीसाठी तिने मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवरून ५,००० रुपये कर्ज घेतले. हातात पडले ३,२००. बाकीचे ‘फी’ म्हणून आधीच कापले. मुदत सात दिवसांची. आठव्या दिवशी तिची नणंद, कामावरच्या बाई, मुलीच्या शिक्षिका, सगळ्यांच्या फोनवर तिचा फोटो गेला. खाली लिहिले होते, ‘ही चोर आहे.’ अ‍ॅप घेताना फोनमधले नंबर व फोटो पाहण्याची परवानगी तिच्याकडून घेतली होती.

“ताई, कर्ज मीच घेतलं. आता कुठल्या तोंडानं तक्रार करू?” ती म्हणाली.

भगिनींनो, तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे. म्हणून कर्ज जपूनच काढावे. पण कर्जदाराची अब्रू घेण्याचा हक्क कोणालाही नाही.

ही एकटीची गोष्ट नव्हे. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला सुमारे १,१०० कर्ज-अ‍ॅप्स आढळली. त्यांतली ६०० बेकायदा होती. पुढे नियम कडक झाले. गूगलच्या प्ले स्टोअरवर ६० दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण फेड मागणाऱ्या कर्ज-अ‍ॅपला परवानगी नाही. मे २०२३ अखेरपासून अशा अ‍ॅपने फोनमधले नंबर व फोटो घेण्यासही तेथे मनाई आहे. म्हणजे आपल्या भगिनीच्या अ‍ॅपने दोन्ही नियम मोडले. आपण कळवले तरच स्टोअरवाल्यांना ते समजेल.

घाबरून अ‍ॅप लगेच पुसू नका. आधी अ‍ॅपचे नाव, ते बनवणाऱ्याचे नाव, धमकीचे संदेश आणि पैशांचा व्यवहार यांचे स्क्रीनशॉट काढा. मग प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचे पान उघडा. वर उजवीकडे तीन टिंबे दिसतील. ती दाबून ‘फ्लॅग अ‍ॅज इनअ‍ॅप्रोप्रिएट’ निवडा, कारण सांगा व पाठवा. जे घडले तेवढेच लिहा. मुसावादापासून विरत राहण्याचे शील येथेही पाळायचे आहे. ज्यांना बदनामीचे संदेश आले, त्यांनीही तक्रार करावी.

स्टोअरवाले अ‍ॅप काढू शकतात, गेलेले पैसे परत देऊ शकत नाहीत. म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. अ‍ॅप एखाद्या लिंकवरून घेतले असेल, तर स्टोअरचा इलाज चालत नाही. तेव्हा पोलीस व हेल्पलाइन हाच मार्ग.

त्या दिवशी विहाराच्या ओट्यावर बसूनच आम्ही तिची तक्रार पाठवली. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मदत केली. मग नणंदेनेही आपल्या फोनवरून पाठवली. ते अ‍ॅप जाईल की राहील, आज सांगता येत नाही. पण मान खाली घालून आलेली ती भगिनी नणंदेचा हात धरून घरी गेली.

पुढच्या रविवारी तुमचे फोन घेऊन या. एकटीने सोसू नका. बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!