अंगठा लागला नाही, म्हणजे नक्की काय झालं?

रेशन दुकानात पॉस मशीन नकार देतं, तेव्हा रांगेतली माणसं एकच वाक्य बोलतात: ‘अंगठा लागत नाही.’ हे वाक्य नीट ऐका. बाई खोटी आहे, असं त्यात कुणी म्हणत नाही. काहीतरी व्हायला हवं होतं, ते झालं नाही, एवढंच त्यात आहे. या साध्या मराठी वाक्याला जे कळतं, ते आपल्या माहिती-यंत्रणांना कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

यंत्राला जग समजावून सांगायचं, तर आधी ठरवावं लागतं की जगात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांचं आपसांत नातं काय. ही मांडणी तर्काच्या काटेकोर भाषेत केली, की तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. त्यासाठी ‘आउल’ नावाची भाषा २००४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं प्रमाण म्हणून जाहीर केली. रेशनचं सॉफ्टवेअर कशात लिहिलंय, हा इथं मुद्दा नाही. प्रत्येक डेटाबेसच्या पोटात अशी मांडणी असतेच. कुणी ती उघड लिहितं, कुणी नुसती गृहीत धरतं.

आळशी मांडणी अशी असते: व्यक्ती आहे, तिला ठसा आहे, आणि एक ठसा एकाच व्यक्तीचा. आउलमध्ये हा नियम एका ओळीत लिहिता येतो. तो लिहिला, की दोन नोंदींत तोच ठसा दिसताच यंत्र स्वतःहून निष्कर्ष काढतं: दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या. मग शंकेला जागाच उरत नाही.

पण यंत्रात असतो तो ‘ठसा’ म्हणजे नक्की काय? बोट ही हाडामांसाची वस्तू. त्यावरच्या रेषांची रचना हा बोटाचा गुणधर्म. सेन्सरवर बोट टेकल्यावर उमटते ती प्रतिमा, दर वेळी थोडी वेगळी. रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, असे बिंदू त्या प्रतिमेतून वेचून केलेला साचा ही चौथी गोष्ट. आणि नवा साचा जुन्या साच्याशी ताडून पाहणं, ही तर वस्तूच नाही. ती एक घटना आहे. त्या घटनेतून परीक्षेसारखे गुण मिळतात. किती गुणांना पास म्हणायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. रेषा वर नेली तर खरी माणसं बाहेर राहतात, खाली आणली तर खोटी आत येतात. मात्र आधारच्या पडताळणीत समोरच्या सेवेला उत्तर मिळतं ते ‘हो’ किंवा ‘नाही’. मधला सगळा हिशेब गायब.

हा शब्दच्छल वाटत असेल, तर २००४ सालचं माद्रिद आठवा. रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांनंतर सापडलेला एक ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या एका वकिलाचा असल्याचं एफबीआयनं खात्रीनं सांगितलं. स्पॅनिश पोलिसांना ते पटत नव्हतं, तरी त्याला अटक झाली. पुढे ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. सरकारला माफी मागावी लागली आणि २००६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले. ‘दोन प्रतिमा सारख्या दिसतात’ या वाक्याचं ‘माणूस तोच आहे’ हे वाक्य झालं, आणि मधली पायरी कुणी तपासली नाही.

आपल्याकडे हीच चूक दोन्ही बाजूंनी होते. सिलिकॉनचे नकली अंगठे करून लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांकडे नोंदले गेले आहेत. यंत्राच्या लेखी मात्र पैसे खातेदारानंच काढलेले. उलट ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, आयुष्यभर भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात आणि खरा माणूस नापास होतो. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. कष्टाच्या हातांचा देश आहे, हे पहिल्या दिवसापासून समोर होतं. ठसे बदलतात हे नियमांनाही मान्य आहे. म्हणून तर मुलांचे ठसे पाचव्या वर्षी घेतले, तरी पंधराव्या वर्षी नव्यानं घ्यायला सांगतात. मग साठीतल्या शेतमजुराच्या बोटांनी काय पाप केलंय?

यावर उत्तर ठरलेलं आहे: गळती थांबवायची तर काहीतरी ठाम खूण हवीच, आणि अंगठा नाही लागला तर बुबुळ आहे, ओटीपी आहे. गळती थांबायलाच हवी, हे मान्य. पण तुमच्या मांडणीत ‘जुळणी फसली’ आणि ‘माणूस वेगळा आहे’ या दोन गोष्टी एकाच खान्यात पडत असतील, तर चोर किती आणि झिजलेली बोटं किती, हे तुम्ही मोजणार कसं? पर्याय कागदावर राहतात आणि प्रत्यक्षात दुकानदाराच्या मर्जीवर चालतात, कारण यंत्राच्या जगात त्या बाईसाठी शब्दच नाही.

शब्द तयार करता येतात. वस्तू, गुणधर्म आणि घटना वेगळ्या ठेवणारी ‘बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी’ २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. आउलचा मूळ नियमही असा, की जे सांगितलेलं नाही ते खोटं नव्हे, फक्त अजून माहीत नाही. तर्काची कोरडी भाषा इतका समंजसपणा दाखवते, आणि आपण मात्र ‘नाही’वर दार लावून घेतो. तुमचा फोनसुद्धा ओल्या बोटाला चोर म्हणत नाही, पिन मागतो.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण उद्या असे डेटाबेस लिहितील. त्यांच्याकडे मागणं एवढंच: ठसा माणसाच्या नावापुढे ‘हो-नाही’चा रकाना म्हणून टाकू नका. जुळणीची घटना म्हणून नोंदवा: केव्हा, कोणत्या यंत्रावर, किती गुण, पास होण्याची रेषा कुठे. ‘जुळलं’ आणि ‘जुळलं नाही’ यांच्याखाली तिसरं उत्तर ठेवा: ‘ठरवता आलं नाही’. आणि त्या तिसऱ्या उत्तरावर धान्य द्या. शंका यंत्राला आली असेल, तर उपाशी माणसानं का राहायचं?