तपासणी फुकट, दुरुस्ती महाग

रॅमचे भाव अलीकडे ज्या वेगाने चढले, तसे या धंद्यात मुरलेल्या मंडळींनीही क्वचितच पाहिले असतील. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन एआयच्या सर्व्हरांकडे वळवले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रूशल’ ब्रँड बंद करत असल्याचे जाहीरच केले. परिणाम आपल्या काउंटरवर दिसतोच आहे. डीडीआर४ ची आठ जीबीची स्टिक म्हटली तरी भाव सांगताना आपलाच आवाज खाली येतो.

महागाईबद्दल रडायला हे पान नाही. पण या भाववाढीने आपल्या धंद्यातली एक जुनी खोड उघडी पाडली आहे. ती म्हणजे ‘बदलून बघू’. मशीन आपोआप रिस्टार्ट होते? रॅम बदलून बघू. हँग होते? हार्डडिस्क बदलून बघू. डिस्प्ले येत नाही? आधी एसएमपीएस, मग बोर्ड. दुकानातला चांगला पार्ट लावून खात्री करणे ही तपासणीच झाली, त्याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती ग्राहकाच्या पैशाने प्रयोग करण्याला. पार्ट स्वस्त होते तोवर हे खपून गेले.

यात कारागिराची लबाडी कमी आणि हिशेबाची गोची जास्त आहे. बहुतेक दुकानांत तपासणी फुकट असते, कमाई पार्टवर. पाऊण तास खपून दोष शोधला आणि निघाली एक सैल केबल, तर बिल कशाचे करायचे? अशा दुकानात निदान पार्टच्या दिशेने कलणारच.

हार्डडिस्कचेच बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडले की आपण वरचा रंग बघतो आणि बंद करतो. खाली आकडे असतात. ०५ आणि सी५ या ओळी वाढत असतील तर प्लॅटर किंवा हेडचे दुखणे आहे. डेटा आधी काढून घ्या, डिस्क बदलाच. पण या दोन्ही ओळी शून्य आहेत आणि सी७ फुगलेली आहे, तर बोट डिस्ककडे नव्हे, केबलकडे जाते. सी७ मध्ये डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेवर झालेल्या सीआरसी चुका मोजलेल्या असतात: साटा केबल, तिची सैल टोके, क्वचित पोर्ट. केबल बदलल्यावर हा आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून तो त्या दिवशी लिहून ठेवावा लागतो आणि आठवड्याने पुन्हा बघावा लागतो. हे न केल्यामुळे किती धडधाकट डिस्क भंगारात गेल्या असतील, देव जाणे.

एसएमपीएसची गत याहून वाईट. हिरवी वायर काळीला टेकवली, पंखा फिरला, ‘ओके’. पंखा फिरण्याचा आणि लोड पेलण्याचा काही संबंध नाही. मशीन चालू ठेवा, प्रोसेसरवर काम टाका, आणि मग पिवळ्या वायरवर मीटर लावा. ११.४ ते १२.६ व्होल्ट ही एटीएक्सची मर्यादा. रिकामे असताना ११.९ आणि लोडवर ११.३ दिसले, तर रॅमला हात लावायचे कारण नाही. (रिपल मात्र साध्या मीटरवर दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.) नवा एसएमपीएस विकतानाही लेबलवरचा मोठा आकडा नको, १२ व्होल्टच्या ओळीतले अँपिअर वाचा. वर ‘४५० वॅट’ छापलेले आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे कामाचे वॅट १९२. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर त्यातच भागवायचे.

आणि याही आधी भिंतीवरचा सॉकेट. ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार आपण हसण्यावारी नेतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट त्या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा, माणसाला चटका बसण्यापुरता. पण तेच मशीन एचडीएमआयने टीव्हीला जोडताना पोर्ट उडवायला तेवढा पुरतो. मग ग्राफिक्स कार्ड बदलले जाते, आणि पुढे तेही जाते. कोकणात जांभ्यावरच्या घरांत, शाळांत उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की असलेले अर्थिंगही नावापुरते उरते. खड्ड्यात पाणी ओतायची आठवण कुणाला नसते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट ठीक. जास्त दिसले, किंवा फेज-अर्थ २३० च्या बरेच खाली आले, तर आधी वायरमन बोलवायला सांगा. यात आपल्याला दमडी मिळत नाही, आणि म्हणूनच हे सांगितले जात नाही.

खरेदीचा सल्लाही याच रोगाने ग्रासला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि ‘मशीन जुने झाले, नवीन घ्या’ हे वाक्य फार सोपे झाले. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर ते एक वेळ समजू. पण पुढच्या पिढ्यांच्या मशीनवरही ‘टीपीएम नाही’ म्हणून शिक्का बसतो, तेव्हा बायोसमध्ये पीटीटी किंवा एफटीपीएम नुसते बंद असते. चालू करायला दोन मिनिटे लागतात.

तेव्हा तपासणीचे पैसे घ्या. वेगळे, आधी सांगून, आणि कागदावर. ‘ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल’ ही भीती खरी आहे, काही जण जातीलही. पण एसी आणि वॉशिंग मशीनवाल्यांचा व्हिजिट चार्ज हाच ग्राहक निमूट देतो. ‘पार्ट घेतला तर तपासणीचे पैसे बिलात वजा’ ही सवलत मात्र देऊ नका. आम्हाला हे पटत नाही, कारण पार्ट विकायचा मोह त्याच वाटेने पुन्हा आत येतो. आणि काढलेला पार्ट न मागता ग्राहकाच्या हातात द्या.

तपासणी पावतीचा एक नमुना या अंकात छापला आहे. सॉकेटचे व्होल्टेज, लोडवरचे १२ व्होल्ट, डिस्कच्या तीन ओळी, मेमटेस्टचा निकाल, एवढेच. शेवटचा रकाना मुद्दाम ठेवला आहे: ‘पार्टची गरज नाही’. त्यावर खूण केली तरी तेवढ्या वेळाची मजुरी सुटली पाहिजे, या हिशेबाने आपापल्या गावचा दर ठरवा आणि आम्हाला कळवा.