कार्ड कोणाला, कोठडी कोणाला?

कॅलिफोर्नियाने १९९६ साली औषधी गांजाला मान्यता दिली. आज अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत डॉक्टरने शिफारस केली की रुग्णाला कार्ड मिळते. खर्च मात्र खिशातून; आरोग्य विमा सहसा देत नाही. केंद्राच्या अनुदानावरच्या घरात राहणाऱ्या गरिबाचे तर कार्ड असूनही घर जाऊ शकते!

एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या ३.६ पट. वापर मात्र दोघांत जवळपास सारखाच.

पंचशील मानणारे आम्ही नशेचे समर्थक नाही. पण केमोथेरपीच्या उलट्या थांबवायला घेतलेले औषध ही नशा नव्हे.

आणि आपल्याकडे? १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने त्याच झाडाच्या पानांची भांग वगळली, गांजाला तुरुंग ठेवला. ही सवलत कुणाच्या सोयीची, मित्रांनो?