हजार तासांचा हिशेब

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगरहून व्यवसायोपचाराच्या पदवीसाठी मुंबईस वा नागपुरास निघालेला विद्यार्थी शुल्काचा आणि वसतिगृहाचा हिशेब घरीच मांडून जातो. प्रत्यक्ष सरावाचा हिशेब मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

व्यवसायोपचार म्हणजे नोकरी मिळवून देणे नव्हे. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताला पुन्हा घास उचलता यावा, मळणीयंत्रात बोटे गमावलेल्या शेतकऱ्याला पुन्हा खुरपे धरता यावे, यासाठी दैनंदिन कृतींतूनच उपचार करणारे हे शास्त्र होय. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले.

हे शास्त्र केवळ पुस्तकातून येत नाही. म्हणूनच व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाने किमान १००० तासांचा प्रत्यक्ष सराव आवश्यक मानला आहे. दिवसाला सहा तास धरले तरी हे सुमारे १६७ दिवस होतात. आधी निरीक्षण, मग रुग्णाची तपासणी व नोंदी, त्यानंतर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली उपचार, हा क्रम विद्यार्थ्याने गृहीत धरावा. पसंतीचाच विभाग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. बालके, वृद्ध, मनोरुग्ण अशा सर्वांमध्ये वावरल्यावाचून हात तयार होत नाही. मात्र सरावाचे ठिकाण दूर असल्यास प्रवास, खोली व जेवण यांचा भार कोणी सोसायचा, विद्यावेतन आहे काय, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. त्यात संकोचाचे कारण नाही.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. जेथे मार्गदर्शक, तेथे सराव. जेथे सराव, तेथेच पदवीधर स्थिरावण्याचा संभव अधिक. आणि त्यांच्यातूनच उद्याचे मार्गदर्शक निपजतात. हे वर्तुळ महानगरातच फिरत राहते. मळणीयंत्र मात्र हिमायतनगरच्या शिवारात फिरत असते.

हे वर्तुळ भेदण्याचा मार्ग अवघड नाही. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत व्यवसायोपचारक-मार्गदर्शकांची पुरेशी पदे भरावीत, बाहेरगावच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तेथे सरावाची मुभा द्यावी आणि त्यांच्या निवासाची सोय करावी. तो खर्च उपकार नव्हे, गुंतवणूक आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणून प्रतिष्ठा दिली, हे योग्यच झाले. परंतु प्रतिष्ठेने खोलीचे भाडे भागत नाही. ते जर सोयाबीन विकून बापालाच भरावे लागणार असेल, तर हजार तासांची ही अट गुणवत्तेची न राहता ऐपतीची ठरेल.