विषाची परीक्षा कोणाच्या देहावर?

विषाची परीक्षा पाहू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. परंतु ज्या समाजव्यवस्थेत विष हा विक्रीचा माल असतो, तेथे ती परीक्षा कोणाला तरी द्यावीच लागते. प्रयोगशाळेत ती झाली नाही, तर शेतमजुराच्या कातडीवर आणि कामगाराच्या फुप्फुसात होते. म्हणूनच रसायनांचा विषारीपणा कोणत्या पद्धतीने तपासावा, हा वरवर केवळ शास्त्रज्ञांचा वाटणारा प्रश्न वस्तुतः श्रमिक जनतेच्या जिवाचा प्रश्न आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावर छापलेला रंगीत त्रिकोण देशातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी ठरविलेल्या या रंगांचा आधार एकच आहे: चाचणीतील निम्मी जनावरे मरण्यास दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम मात्रा लागते. पोटातून दिलेली 50 मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पुरली तर त्रिकोण लाल, 5000 हून अधिक लागली तर हिरवा. हे माप ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी 1927 मध्ये मांडले, आणि तेही औषधांची तीव्रता प्रमाणित करण्यासाठी.

हे माप एवढेच सांगते की, एका मात्रेने तत्काळ मरण येईल किंवा नाही. दहा हंगाम फवारणी केल्यावर मज्जासंस्थेचे काय होते, गर्भावर काय परिणाम होतो, दोन औषधे एकत्र केली तर काय घडते, याविषयी तो त्रिकोण मूक आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, मुखवटा वा हातमोजे यांवाचून, अनेकदा दोन-तीन औषधांचे मिश्रण पाठीवरच्या पंपात भरून ही माणसे फवारीत होती. या परिस्थितीची चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत झालेली नव्हती. ती यवतमाळच्या शेतात झाली.

केरळातील कासरगोडची कहाणी याहून दीर्घ आहे. तेथील काजूच्या मळ्यांवर 2000 सालापर्यंत वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहणीतून तेथील मुलांच्या वाढीवर झालेल्या परिणामांचे पुरावे पुढे आले. पण तोवर एक पिढी त्या फवाऱ्याखाली वाढली होती. अखेर डेमोक्रॅटिक युथ फेडरेशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये या विषावर बंदी घातली आणि जानेवारी 2017 मध्ये पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये: ती फवारणी करणारे महामंडळ सरकारी होते. सार्वजनिक मालकीला लोकांच्या देखरेखीची जोड नसेल, तर तीही विषाला आवर घालू शकत नाही.

विज्ञान मात्र 1927 मध्ये थांबलेले नाही. 1970 च्या दशकात ब्रूस एम्स यांनी जिवाणूंवर करावयाची एक साधी चाचणी विकसित केली. एखादे रसायन आनुवंशिक द्रव्यात बिघाड करते काय, हे ती थोड्या दिवसांत व अल्प खर्चात दाखविते. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून वापरले जाणारे ट्रिस हे रसायन या चाचणीत धोकादायक आढळले, जनावरांवरील अभ्यासाने त्यास दुजोरा मिळाला आणि 1977 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा कपड्यांवर बंदी घातली. 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्याही पुढचा मार्ग आखला: मानवी पेशींवर यंत्रांच्या साहाय्याने झपाट्याने चाचण्या करावयाच्या आणि संगणकाच्या मदतीने त्यांचा अर्थ लावावयाचा. ‘टॉक्स 21’ या सरकारी प्रकल्पात सुमारे 10,000 रसायने अशा प्रकारे तपासण्यास घेतली गेली. आपल्या देशातही 2023 मध्ये नव्या औषधांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा पद्धतींना मान्यता मिळाली.

या प्रगतीचे स्वागत केले पाहिजे, आणि त्याचे कारण केवळ मुक्या जनावरांची कणव हे नाही. चाचणीला वर्षे लागतात आणि कोट्यवधींचा खर्च येतो, ही सबब रसायन उद्योगातील भांडवल आजवर पुढे करीत आले. 1976 च्या अमेरिकन कायद्याने बाजारात आधीपासून असलेल्या सुमारे 62,000 रसायनांना चाचणीची अट न घालताच राहू दिले. नव्या पद्धतींनी ही सबब निकालात काढली आहे. माहिती नाही तर बाजारही नाही, हे तत्त्व युरोपीय संघाने 2006 च्या ‘रीच’ कायद्यात स्वीकारले. आपल्याकडे रसायन व्यवस्थापन व सुरक्षा नियमांचा मसुदा 2020 मध्ये पुढे आला. परंतु मसुद्याने कोणाचा जीव वाचत नाही.

मात्र आधुनिकीकरण या शब्दाच्या आडून नियंत्रणेच सैल करण्याचा डाव खेळला जाऊ शकतो, याचे भान ठेवले पाहिजे. 2019 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2035 पर्यंत सस्तन प्राण्यांवरील चाचण्या बंद करण्याची घोषणा केली. त्याच काळात ते प्रशासन पर्यावरणविषयक निर्बंध एकामागून एक शिथिल करीत होते, आणि म्हणूनच पर्यावरण संघटनांनी या घोषणेवर आक्षेप घेतला. बशीतल्या पेशीला यकृत नसते, गर्भाशय नसते, तिला वीस वर्षांचे आयुष्यही नसते. तेव्हा पेशीत बिघाड दिसला, तर रसायन रोखण्यास तेवढे कारण पुरेसे मानावे. बिघाड दिसला नाही, तर त्यावरून रसायन निर्दोष ठरवू नये. जनतेच्या बाजूने उभ्या असलेल्या नियमनाची हीच कसोटी आहे. कंपन्यांना याच्या नेमके उलटे हवे आहे.

दुसरा प्रश्न चाचणी कोणाच्या हाती, हा आहे. इंडस्ट्रियल बायो-टेस्ट लॅबोरेटरीज ही अमेरिकेतील खाजगी प्रयोगशाळा एके काळी कीटकनाशक व औषध कंपन्यांसाठी फार मोठ्या प्रमाणावर चाचण्या करीत असे. 1976 मध्ये तेथील बनावट नोंदी उघडकीस आल्या आणि 1983 मध्ये तिचे अधिकारी दोषी ठरले. तिच्या अहवालांच्या आधारे बाजारात आलेल्या विषांची यादी मोठी होती. पैसे देणाऱ्याला हवा तसा निकाल मिळत असेल, तर उंदराच्या जागी पेशी आणि पेशीच्या जागी संगणक आणूनही काही बदलत नाही. भोपाळने हे सत्य आपल्याला सर्वांत क्रूर रीतीने शिकविले. 3 डिसेंबर 1984 च्या पहाटे रुग्णालयांत हजारो माणसे तडफडत होती, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्या वायूच्या विषारीपणाची पुरती माहिती कंपनीने दिली नव्हती.

भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आणल्या गेल्या, आणि त्यांत निरीक्षकाला ‘सुविधाकार’ अशी जोडपदवी लाभली आहे. सुविधा कोणाची, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून कामगार संघटना, किसान सभा आणि शेतमजूर युनियन यांनी हा विषय तज्ज्ञांवर न सोडता आपल्या मागणीपत्रात घेतला पाहिजे. 1965 मध्ये लखनौला स्थापन झालेल्या विषविज्ञान संशोधन संस्थेसारख्या सार्वजनिक प्रयोगशाळांना निधी व मनुष्यबळ द्यावे. चाचणीचा खर्च उत्पादकाकडून वसूल करावा, पण चाचणी त्याच्या हाती ठेवू नये. प्रत्येक निकाल संपूर्ण आणि लोकभाषेत प्रसिद्ध करावा. प्रत्यक्ष शेतात व कारखान्यात वापरली जाणारी मिश्रणे तपासावीत. फवारणी करणाऱ्यांच्या व रसायन कामगारांच्या प्रकृतीची नियमित नोंद ठेवून ती प्रयोगशाळेच्या निष्कर्षांशी ताडून पाहावी. फवारणीचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगावच्या सभांत डब्यावरील त्रिकोणाचा खरा अर्थ समजावून सांगणे, ही या कामाची सुरुवात आहे. आणि त्यासाठी कोणत्याही मसुद्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.