जुना लॅपटॉप तापतोय?

लॅपटॉप चार-पाच वर्षांचा झाला, पंखा घरघरू लागला, काम मंदावले की ‘आता नवाच घ्यावा लागणार’ असे वाटते. पण घाई करू नका. फार तापल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. बरेच लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. त्यात धुळीने हवा कोंडली की उन्हाळ्यात त्रास वाढतो.

• लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. तळाची जाळी झाकली जाते. टेबलावर ठेवून मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक पुस्तक सरकवा.

• बंद करून, चार्जर काढून जाळीवरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झटका. तोंडाने फुंकर मारू नका; आत ओलावा जातो.

• तरीही तापत असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याकडून पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या.

मात्र तळ फुगला किंवा टचपॅड वर उचलला गेला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. लॅपटॉप लगेच बंद करा. चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका. आग लागू शकते. ती जाणकाराकडूनच बदलून घ्या आणि जुनी घरच्या कचऱ्यात टाकू नका.