हिरव्या पानाचा सिगार

आधीच सांगतो, यावेळचा विषय आपल्या घरगुती मासिकासाठी जरा अवघड आहे. या सदरात चहा झाला, कॉफी झाली, एकदा फेणीसुद्धा झाली. आज सिगार. मी सिगारेट ओढत नाही, सिगार वर्षातून एखादा. तोही ओढू नये असंच डॉक्टर सांगतील आणि त्यांचं बरोबर आहे. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातंच, आणि कॅन्सरचा धोकाही राहतोच. पण आम्ही पडलो निपाणीचे. तंबाखूबद्दल आम्ही नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

ब्रँडचं नाव देत नाही. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मला जे सांगायचंय त्याला नावाची गरजही नाही.

गेल्या वर्षी कामासाठी दोन आठवडे फ्लोरिडातल्या टँपा शहरात होतो. तिथला इबोर सिटी हा भाग म्हणजे सिगारचं निपाणीच. १८८० च्या दशकात व्हिसेंते मार्तिनेझ इबोर या कारखानदाराने तो वसवला. क्युबा, स्पेन, इटलीहून आलेली माणसं तिथे ओळीने बसून सिगार वळत, आणि उंचावर बसलेला एक जण त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवत असे. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. १९३१ साली मालकांनी हे वाचन बंद पाडलं. आता त्या रस्त्यांवर कोंबडे मोकाट फिरतात आणि पर्यटक त्यांचे फोटो काढतात.

तिथल्या एका दुकानात तपकिरी सिगारांच्या रांगेत एक चक्क हिरवा दिसला. मला वाटलं, रंगवलाय. दुकानदार हसला. म्हणाला, हा कँडेला.

कँडेला हे वरच्या पानाचं नाव. सिगारमध्ये तीन थर असतात: आतला गाभा, तो बांधून ठेवणारं पान आणि सगळ्यात वर दिसणारं देखणं पान. हे वरचं पान एरवी कोठारात टांगून कित्येक आठवडे सावकाश वाळवतात. त्यात हिरवा रंग जातो, पिष्टाची साखर होते. मग पानांचे ढीग रचून मुरवतात, त्यात अमोनियाचा उग्रपणा जातो. कँडेलाचं पान मात्र बंद खोलीत उष्णता वाढवत नेऊन तीनेक दिवसांतच वाळवतात. शेवटी तापमान सत्तर अंशांच्याही वर जातं. पान बदलायच्या आतच मरतं आणि हरितद्रव्य जागच्या जागी अडकून राहतं. १९५० च्या दशकात अमेरिकेला हाच सिगार सर्वांत प्रिय होता. पुढे १९६२ साली क्युबाच्या मालावर बंदी आली, आवडीही बदलल्या, आणि हिरवा रंग मागे पडला. आता बहुतेकांना तो मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डेला आठवतो.

दोन घेतले. एक तिथेच ओढून बघावा असं वाटलं होतं, पण वेळ मिळाला नाही. आर्द्रता राखणाऱ्या पुडीसकट डब्यात घालून दिवाळीला निपाणीला आणले.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर बसलो. पाच इंच लांब, पन्नास गेजचा, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर जाड. पेटवण्याआधी नुसता ओढून पाहिला तर ग्रीन टी आणि वाळलेलं गवत. पेटवल्यावर पहिली पंधरा मिनिटं खरोखर छान होती: ओल्या कडब्याचा वास, शेंगदाण्याच्या सालीचा तुरटपणा, मागून हलका गोडवा. मधे निकाराग्वाच्या गाभ्याची मिरी जाणवायला लागली आणि वरच्या पानाचं काही चालेना. शेवटचा तिसरा भाग कडू. शिवाय हे पान फार पातळ. पेटत्या टोकाजवळ त्याला चीर गेली आणि एका बाजूने वेडंवाकडं जळायला लागलं. दहापैकी साडेसहा. सुरुवातीसाठी आठ देईन, पण सिगार सुरुवातीपुरता विकत मिळत नाही.

एवढ्यात आजी वर आली. वाळत घातलेले पापड काढायला.

माझ्या आजीने चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात टेंभुर्णीची पानं आणि कात्री. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीमध्ये तिच्या विड्यांचे पैसे आहेत. आता बोटं सरळ होत नाहीत आणि पहाटेचा खोकला जात नाही. तिने आयुष्यात कधी एक झुरका मारलेला नाही.

मी सिगार लपवायला गेलो. ती म्हणाली, "आण हिकडं."

पेटलेला नको म्हणून दुसरा, अख्खा दिला. तिने तो डोळ्यांजवळ धरला नाही, दोन बोटांत फिरवला. "ह्येला दोरा न्हाई?"

"नाही, डिंकासारखं लावतात."

"पान पिकू दिलं न्हाई ह्येंनी." मी अर्धा तास वाचून जे समजून घेतलं होतं ते तिला हाताला कळलं. मग नखाने कडा उचलून तिने वरचं पान सोडवायला घेतलं. मी काही बोललो नाही. हिरवं पान निघालं, त्याखालचं तपकिरी निघालं, आत दुमडलेली लांब पानं. "चुरा न्हाई. आख्खी पानं हाईत." एक पान तिने नाकाशी नेलं. "हे बाकी चांगलं मुरलंय. वरचं नुसतं दिसाय."

माझे साडेसहा मी पाचवर आणले.

"केवढ्याला?"

एकेक अकरा डॉलरचा होता. नऊशेच्या वर. "शंभराला," म्हटलं.

"शंभरात एक? येडा हाईस." तिने हिरवं पान गुडघ्यावर ठेवून तळव्याने सपाट केलं. एक शीर नाही, एक भोक नाही, कड एकसारखी कापलेली. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "वळणारा हात बाकी बेस हाय. बाई असंल."

बहुधा असेलच. निकाराग्वाच्या कारखान्यांत जोडीने काम चालतं. गाभा बांधणारा बहुतेक वेळा पुरुष आणि वरचं पान चढवणारी बाई. मी ते सांगितलं.

"हजारामागं काय देत्यात तिला?" आजीने विचारलं.

मी पापडाची दुरडी उचलली आणि तिला हात देऊन जिना उतरवला.